अंतरपाटाआडची आवृत्ती

आमच्या आत्याला मी काय काम करते ते आजतागायत कळलेलं नाही. "आमची वैजू कॉम्प्युटरमधी हाय," इथवर तिचं बरं चालतं. मग समोरची बाई विचारते, "कुठल्या कंपनीत?" आणि तिथं आत्याची गाडी रुतते. कारण कंपनी नाही, साहेब नाही, पगार तर नाहीच नाही. पोटासाठी मी दुसरी एक नोकरी करते, ती सांगण्यासारखी नाही. हे काम वेगळं, आणि ते ढिगानं आहे.

काम म्हणजे 'बखर'. यंत्रांना हुकूम सोडायच्या अनेक भाषा आहेत, त्यातली एक रुबी. रुबीत लिहिलेला कोड बखर वाचते आणि माणसांना समजतील अशी पानं तयार करते: हा हुकूम काय करतो, त्याला काय द्यायचं, तो परत काय देतो. कोड लिहिणाऱ्यानं हुकमाच्या डोक्यावर चार ओळींची टीप लिहिलेली असते, ती बखर उचलते आणि नीट मांडते. कुणा भल्या माणसानं फार पूर्वी हे सुरू केलं आणि कंटाळून सोडलं. तेव्हापासून ते आम्ही दोघं सांभाळतो. मी कराडला आणि पीयूष डहाके अमरावतीला.

सांभाळणं म्हणजे काय विचाराल, तर रुबी बदलली की बखर कुठंतरी उसवते, ती शिवायची. कुणीतरी ब्राझीलमधून ओरडतो की माझी पानं कोरी येतात. त्याला गोड शब्दांत सांगायचं की बाबा रे, तू टीपच लिहिली नाहीस, पान काय मी माझ्या घरून भरून देऊ?

मी काही बदल केला की पीयूष तपासणार, त्यानं केला की मी तपासणार, हा आमचा शिरस्ता. पीयूष तपासतो म्हणजे परत पाठवतो. "नाव बदल." "चाचणी कुठे आहे?" "अजून एकदा बघू." मी दात-ओठ खात दुरुस्त करायची, त्याच दिवशी उत्तर द्यायची, की पुन्हा परत. लग्नाची मागणीसुद्धा त्यानं अशाच एका शेऱ्यात घातली. "तिसाव्या ओळीत चूक आहे. शिवाय पुढच्या महिन्यात आईला आणि मामांना घेऊन कराडला येतोय, चालेल का?" मी चूक सुधारली आणि खाली लिहिलं, चालेल.

मग तो कायदा आला. यंत्रानं तुमच्याबाबतीत काहीही ठरवलं, तर "का?" असं विचारायचा तुम्हाला हक्क, आणि उत्तर तुमच्या भाषेत मिळालंच पाहिजे. तोवर राज्यातली निम्मी यंत्रं रुबीवर चालू लागली होती, कारण बोलून सांगितलेलं रुबीत उतरवून देणारी ॲप फुकट मिळत होती. उत्तरं देणारं काहीतरी सगळ्यांनाच हवं झालं. बखरही फुकट. झालं! कॉलेजचे प्रवेश, टोलनाका, सोसायटीची लिफ्ट, जिथं तिथं 'कारण वाचा' असं बटण आलं आणि त्यामागं आमची बखर बसली. ती काय सांगायची? "आपला अर्ज नाकारला, कारण नाकारण्याची अट पूर्ण झाली." लोक आम्हाला शिव्या घालायचे, आणि मला त्या पटायच्या.

दोष टिपांचा होता. टीप लिहिणारा 'काय' ते लिहितो, 'का' ते कुणी लिहीत नाही. पण कोडला इतिहास असतो. आधी काय लिहिलं होतं, काय पुसलं, कुणाचा निरोप आल्यावर कुठली अट घुसडली, हे सगळं तारीखवार साठवलेलं असतं. नियम तोंडी सांगितला असेल, तर सांगताना माणूस काय काय बोलला तेही. पीठ सांडलेलं आणि डबा उघडा दिसला की घरात काय घडलं ते आईला न सांगता कळतं, तसंच हे. अशा लाखो बदलांची आणि त्यांच्यामागच्या खऱ्या कारणांची जोडी लावून मी एक छोटं मॉडेल शिकवलं. ते इतिहास वाचून कारण ओळखतं. बहुतेक वेळा बरोबर. मी ते बखरीला जोडलं आणि पीयूषकडे तपासायला दिलं.

परत आलं! "एका ओळीत कारण मावत नाही. ओळीची मर्यादा काढ." मी म्हटलं, दुसरी ओळ कोण वाचतंय? तो म्हणाला, कारणालाही कारण असतं, वैजयंती. मी भांडले, त्यानं परत पाठवलं. मी पुन्हा भांडले, त्यानं पुन्हा परत पाठवलं. इकडे लग्न तोंडावर आलं, हळदीचा दिवस उजाडला, आणि माझं टाळकं सटकलं.

आता एक गोष्ट समजून घ्या, पुढचं सगळं रामायण त्यावर आहे. आवृत्तीला आकडे असतात. शेवटचा आकडा वाढवला तर त्याचा अर्थ बारीक दुरुस्ती. ती जगभरची यंत्रं न विचारता आपापली घेऊन टाकतात. पहिला आकडा वाढवला तर मोठा बदल, तो माणसांना विचारूनच लागतो. आणि आमचा नियम असा, की बारीक दुरुस्ती कुणीही एकानं पाठवावी, मोठ्या बदलाला दोघांच्या सह्या. मी आधी मोठाच आकडा लिहिला होता. मग पुसला, शेवटचा वाढवला, बटण दाबलं आणि हळद लावून घ्यायला बसले.

हळद सुकायच्या आत पीयूषचा निरोप. "वैजयंती, हे बारीक आहे?"

मी उत्तर दिलं नाही. तर या गृहस्थानं बखरीला कुलूप घातलं! आता दोघांच्या सह्यांशिवाय स्वल्पविरामसुद्धा हलणार नव्हता. मी लिहिलं, "उद्या बोलू. उद्या भेटच आहे आपली."

नेहमी आम्ही नवी आवृत्ती आधी बखरीवरच चालवतो. बखर स्वतःचीच पानं कशी काढते ते बघतो, मगच बाहेर सोडतो. घाईत ती पायरी मी गाळली होती.

हल्लीची लग्नं 'मांडव' नावाच्या ॲपवर होतात. कोण कुठल्या रांगेत, कोण कुठल्या पंगतीत, फोटोला कुणाला कधी बोलवायचं, सगळा मानपान दोन्हीकडच्या मंडळींनी तोंडी सांगायचा, ॲप त्याची रुबी करतं. पाहुणा दारात आला की त्याच्या फोनवर जागा येते आणि खाली, कायद्याप्रमाणे, 'कारण वाचा'. आजवर ते कुणी वाचत नव्हतं. पण माझी नवी आवृत्ती मांडवनंही रात्रीतच, कुणाला न विचारता, घेऊन टाकली होती.

पहिली आरोळी आत्याची. मी वधूच्या खोलीत मुंडावळ्या बांधून बसले होते, तर ती फोन नाचवत आत आली. "वैजे, हे काय गं बये? वाच, वाच!"

मी वाचलं. "जागा: तिसरी रांग, भिंतीकडे. कारण: पुढे बसवल्यास आत्या गुरुजींच्या चुका काढतात."

"कुणी सांगितलं हे? तुझ्या बापानंच ना? सख्खा भाऊ माझा!" आत्या कडाडली.

बाहेर कलकलाट वाढत होता. कुणाला तिसरी पंगत होती, "कारण: पहिल्या पंगतीत बसल्यास डबा भरून नेतात." कुणाला फोटोत शेवटी बोलावलं होतं, "कारण: सगळ्या फोटोंत डोळे मिटतात." एवढं चाललं असतं. लग्नात माणसं रुसतात, जिलबी वाढली की निवतात. पण मग अण्णा, माझे वडील, धापा टाकत आले.

"मुलाचे मामा बसमधी जाऊन बसल्यात. वापस निघालो म्हणत्यात."

मी उठलेच. पीयूषचे वडील तो लहान असताना गेले. मोरेश्वरमामांनी त्याला वाढवलं, शिकवलं, पहिला कॉम्प्युटर मामांनीच खांद्यावर वाहून घरी आणला. लग्नात नवऱ्यामुलाच्या पाठीशी मामा उभा राहतो. हे मामा उभे राहणार नसतील, तर पीयूष हार घालणार नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी खिडकीशी गेले. बसच्या दारात मामा, फेटा काखोटीला मारलेला, आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल असं वाचत होते.

"जागा: डावीकडे, माइकपासून लांब. कारण: मामांचं भाषण आवरत नाही." त्यांनी फोन खाली केला. "अन् हे सांगितलं कोणी, तर आमच्याच पोट्ट्यानं! नाव लिहून आहे खाली. काहून उभा राहू मी? मले काय इथं हसं करून घ्याले आणलं?"

त्यांचा आवाज फाटला होता. मला इतकी शरम वाटली की शालू जड झाला. हे सगळं माझ्या एका आकड्यानं केलं होतं.

"मुहूर्त टळतोय! मुलीला आणा!" गुरुजी ओरडले.

अण्णांनी मला बोहल्यावर नेऊन उभं केलं. समोर अंतरपाट धरलेला, पलीकडे पीयूष. त्याच्या मागं मामांची जागा मोकळी. गुरुजींनी मंगलाष्टकं सुरू केली आणि मी शालूत खोवलेला फोन काढला.

"पीयूष," मी कुजबुजले.

"हं."

"कुलूप काढ. मी ते बंद करून टाकते, सगळ्यांचं."

"बंद केलंस तर मामा काय समजतील? खरं होतं म्हणून लपवलं."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "मग काय करू, रडू?"

"ओळीची मर्यादा काढ."

"आत्ता? इथं?"

"तू ती एका ठिकाणी लिहिली आहेस की सतरा ठिकाणी?"

"एका ठिकाणी! मी काय कालची आलेली आहे?"

"मग एकच ओळ बदलायची आहे. कुलूप काढलंय. कर."

हार कोपरावर अडकवून मी अंगठ्यानं ती ओळ बदलली. चाचण्या सुरू झाल्या, म्हणजे बदलानं काही मोडलं नाही ना ते यंत्र स्वतःच तपासू लागलं. त्यांना वेळ लागतो, आणि गुरुजी तर शेवटच्या अष्टकावर आले होते. ते 'सावधान' म्हणाले की अक्षता पडणार, अंतरपाट खाली येणार आणि मामा बसमध्येच राहणार. मी मान वळवून तिसऱ्या रांगेकडे बघितलं. आत्या भिंतीला टेकून फुगून बसली होती.

"आत्या!" मी आवाज न काढता, ओठांनीच विनवलं. "तूही एक म्हण!"

आत्याला माझं काम कळत नसेल, पण माझं तोंड तिला वाचता येतं. ती ताडकन उठली. "थांबा गुरुजी! मुलीच्या आत्याचं मंगलाष्टक झाल्याबिगर सावधान कसलं?" गुरुजी हतबल झाले. आत्यानं जो सूर लावला, त्याला सूर म्हणणं पाप आहे. पण तिनं एक संपवून दुसरं उचललं, दुसरं संपवून तिसरं, आणि तिसऱ्या रांगेपासून चालत चालत पार माइकपर्यंत आली.

तेवढ्यात एक चाचणी नापास. मीच कधीतरी लिहिलेली, "कारण एकाच ओळीत आहे ना, बघ." मी शिवी हासडून ती पुसली.

"बोहल्यावर शिव्या देऊ नये," पलीकडून आवाज.

"गप्प बस. आता आधी बखरीवर चालव."

"या वेळी पायरी गाळायची नाही म्हणतेस?"

बखर स्वतःच्या कोडवर चालली आणि दोघांच्या फोनवर एकच पान उघडलं. कारण ठरवणाऱ्या हुकमाचं पान. मी वाचू लागले.

"हा बदल पीयूष डहाके यांनी वारंवार परत पाठवला. कारण: एका ओळीत कारण अपुरं राहतं, असं त्यांचं मत आहे." बरं. हे माहीत होतं. खाली आणखी होतं. "तसंच, परत पाठवलं की वैजयंती निकम यांचं त्याच दिवशी उत्तर येतं. मंजूर केलं तर येत नाही. याआधीचे पुष्कळ बदलही याच कारणानं परत गेल्याचं दिसतं."

मी दोनदा वाचलं. कान तापले.

"पीयूष! इतकी वर्षं? तू मला नावं बदलायला लावलीस, चाचण्या लिहायला लावल्यास, आणि ते कशासाठी, तर..."

"सगळे नाही," तो घाईनं म्हणाला. "काही खरंच वाईट होते."

मला त्याला बुकलावंसं वाटलं आणि हसूही आलं, दोन्ही एकदम. अंतरपाट होता म्हणून वाचला. मग लक्षात आलं, पान अजून संपलेलं नाही. आणि तोही तेच पान वाचतोय.

"ही आवृत्ती बारीक दुरुस्ती म्हणून पाठवली. कारण: पीयूष डहाके यांची सही घ्यावी लागू नये. वैजयंती निकम यांनी आधी मोठा आकडा लिहून, सहीसाठी डहाके यांचं नाव घालून ते पुसलं. डहाके यांच्या रास्त हरकती निकम कुरकुरत का होईना, आजवर मान्य करत आल्या आहेत. याही वेळी त्यांनी नाही म्हटलं तर आपण ऐकू, आणि लग्नानंतर ऐकतच राहू, अशी भीती असावी."

आत्या वरच्या पट्टीत गेली होती.

"'भीती असावी' म्हणतेय," पलीकडून तो म्हणाला.

"बखर चुकते कधीकधी."

"आत्ता चुकली का?"

मी अंतरपाटावरच्या कुंकवाच्या स्वस्तिकाकडे बघत राहिले. हे मी माझ्या आईलाही सांगितलं नव्हतं, स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. लग्न मला हवं होतं, पीयूष हवा होता, फक्त उद्यापासून माझ्याच कोडसाठी नवऱ्याची परवानगी मागणारी बाई मला व्हायचं नव्हतं. "नाही चुकली," मी म्हणाले.

तो अंतरपाटाच्या आणखी जवळ सरकला. मग म्हणाला, "मी नाही म्हटलं म्हणून कधी ऐकू नकोस. पटलं तर ऐक, नाहीतर भांड. तू भांडतेस म्हणून बखर जिवंत आहे. मी एकटा असतो तर तीही कोरी पानं छापत बसली असती."

"हे लिहून दे."

"आता लिहायची गरज आहे का? बखर काढेलच."

चाचण्या हिरव्या झाल्या, म्हणजे सगळ्या पास. "आकडा कुठला टाकू?" मी विचारलं.

"तू ठरव."

मी पहिला आकडा वाढवला. मोठा बदल. सहीच्या जागी त्याचं नाव घातलं आणि या वेळी पुसलं नाही. अंगठा टेकवला. पलीकडे त्यानं टेकवला. मोठा बदल माणसांना विचारून लागतो. मांडव ॲपनं अण्णांना विचारलं असणार, कारण कोपऱ्यातून त्यांचा आवाज आला, "हे काय आलंय? हो म्हणू का?"

"हो म्हणा, अण्णा!" आम्ही दोघं एकदम ओरडलो. सगळा हॉल दचकला. आत्या मात्र थांबली नाही.

फोन खणखणू लागले. माझी नजर दाराकडे. बसमध्ये मामांनी ते कसं वाचलं ते मला नंतर त्यांच्याच तोंडून कळलं. आधीसारखंच मोठ्यानं, सगळ्यांना ऐकवत, कारण त्यांना वाटलं आणखी काही अपमान आलाय. "कारण: मामांचं भाषण आवरत नाही. बोलताना मेहुण्यांचं, म्हणजे पीयूषच्या वडिलांचं नाव आलं की मामांना रडू येतं. साखरपुड्यात असंच झालं तेव्हा काही लोक हसले. पीयूषला ते सहन झालं नाही. पुन्हा कुणी मामांना हसू नये म्हणून माइक लांब ठेवावा."

मामा आले. फेटा डोक्यावर, पण तिरका. भाच्याकडे न बघता तरातरा येऊन त्याच्या पाठीशी उभे राहिले आणि त्याच्या पाठीत एक जोराचा गुद्दा घातला. "हे तोंडानं सांगाले काय झालं होतं बे तुले?"

पीयूषनं मागं वळून मामांचा फेटा सरळ केला. मग मामांनी आत्याकडे हात केला. "बाई, द्या तो माइक इकडे."

आत्यानं माइक असा कुणाला दिल्याचं कराडात कुणी पाहिलेलं नाही. तिनं दिला. मामांनी स्वतः रचलेलं मंगलाष्टक, खिशातला कागद न काढता, पाठ म्हणायला घेतलं. चांगलं चाललं होतं. मेहुण्यांचं नाव आलं आणि आवाज बसला. पुढचा शब्द निघेना. अख्खी बस एव्हाना आत आली होती, तिनं सगळं ऐकलेलं होतं, आणि तिनं बाकीच्यांना सांगून टाकलं होतं. कुणी हसलं नाही. आत्यानं मामांच्या हातातल्या माइकशी तोंड नेलं आणि तिला शब्द ठाऊक नसताना, भलत्याच चालीत, ती ओळ कशीबशी तडीला नेली. गुरुजी हळूच म्हणाले, यात मात्रा चुकल्या. आत्या म्हणाली, आज राहू द्या.

"सावधान!"

अक्षता पडल्या, अंतरपाट खाली आला. पीयूषचे डोळे लाल होते, माझेही असणार. त्यानं हार घालायला हात वर केले, थोडा पुढं वाकला आणि माझ्या कानाशी म्हणाला,

"तिसाव्या ओळीत अजून एक चूक आहे."

"परत पाठव," मी म्हणाले.